गोल डोंगराचं कूळ

॥ श्री ॥
औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मनस्विनी हिस,
अनसूया आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. सांगणारी मी, लिहिणारी तुझी आई मोनिका. तुझ्या नावाआधी सौ. कां. घालू का, असं तिनं विचारलं. म्हटलं नको, आधी डोंगराचं ठरू दे, मग नवऱ्याचं बघू. फोनवर बोलावं तर माझं कानातलं मशीन शिट्टी मारतं, आणि तुझ्या कॅम्पवर रेंज नाय. म्हणून हे पत्र.

शेजारच्या लक्ष्मीबाई रोज विचारतात, नात तिकडं बुंदेलखंडात करते काय. मी सांगते, एक गोल डोंगर हाय, मधी वाटीसारखा खळगा. काही शहाणे म्हणतात आभाळातून धोंडा पडून झाला, काही म्हणतात जमिनीच्या पोटातली आग फुटून. आमची मनू त्याचं कूळ शोधते. लक्ष्मीबाई म्हणाल्या, ऋषीचं कूळ आन् नदीचं मूळ विचारू नाय. म्हटलं, त्यात डोंगराचं नाव कुठंय?

माझ्या माहेरी, लोणारला बी हेच झालं. आम्हाला सांगितलेलं की देवानं लवणासुराला मारलं, त्याचं ते बीळ. मग शिकलेली माणसं म्हणाली ज्वालामुखी, मग म्हणाली उल्का. आता उल्केवर एकमत हाय म्हणे. दैत्याला कुणी विचारलंच नाय. तिथं सासू-सुनेची विहीर बी हाय, अर्धी गोड, अर्धी खारट. गोड अर्धी कुणाची ते सांगत नाय, लेखणी मोनिकाच्या हातात हाय.

या हिवाळ्यात पुरावा मिळाला नाय तर काम बंद, असं तुझे सर म्हणाल्याचं कळलं. मिळंल. भातातला खडा दाताखाली आला तर सगळे थुंकतात. तू तो धुऊन काडेपेटीत ठेवायचीस. वेळेवर जेव. माया बक्कळ हाय, पाकिटात मावत नाय एवढंच.

अनसूया आजी (अंगठा)


कॅम्प, बुंदेलखंड
२० डिसेंबर २०२४

ती. स्व. आजीस,
मनूचे शि. सा. न. वि. वि. आजी, मिळाला!

माझ्यासोबत सत्यम नावाचा एक संशोधक आहे. तो माझी दगडांची झोळी रिकामी करून एकेका दगडावर नंबर घालत होता. तळाशी लिंबाएवढा एक काळा दगड निघाला. मला वाटलं, ओढ्याकाठी घाईत उचलला असेल. प्रयोगशाळेत त्याचा पातळ काप काढला तर आत काच! खडक एका क्षणात वितळून गोठला की होते तशी. ज्वालामुखीतून अशी काच येत नाही, ती आकाशातल्या धोंड्याच्या तडाख्यानंच होते. सरांनी पेढे वाटले. त्यांच्या उल्केच्या मताला लोक तीन वर्षं हसत होते. जानेवारीत हैदराबादच्या परिषदेत हा दगड मीच मांडायचा असं त्यांनी सांगितलंय.

एकच गोष्ट खुपते. हा दगड आपल्या मराठवाड्याच्या काळ्या पाषाणाच्या जातीचा आहे आणि तसा पाषाण इथे आसपास कुठेच नाही. सर म्हणतात, जमिनीखाली असेल. मीही मान डोलावली. आनंदात माणूस फार प्रश्न विचारत नाही.

आईला सांग, मी जेवते. तुझा हात डोक्यावर आहे, तो तसाच राहू दे.

तुझी मनू


औरंगपुरा
२ जानेवारी २०२५

चि. मनू हिस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. पत्र मोनिकाकडून तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा तिनं क्रांती चौकात हापिसला जायला उशीर होतो म्हणून सांगितलं. डोळे पुसत गेली, मी पाहिलं. मी तर गल्लीत कुणाला सोडलं नाय. भाजीवाल्याला सांगितलं, त्यानं कोथिंबीर फुकट दिली. बाई, आमच्या घराण्यात दगड फोडणारे लई झाले, दगडाला बोलतं करणारी तू पहिली.

आता एक काम. माझा देव परत आणायला विसरू नको. मोनिका, थांबू नको, लिही. देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी माझा काळा दगड असतो ना, लोणारच्या तळ्याकाठचा, लग्नात पदराला बांधून आणलेला? तो तू निघालीस त्या सकाळी मी तुझ्या झोळीत तळाला घातला. आमच्यात लांब जाणाऱ्या लेकीबरोबर देव्हाऱ्यातलं काहीतरी द्यायची रीत हाय, म्हंजे ती देव परत ठेवायला तरी घरी येते. तुला सांगितलं नाय, कारण दगड गोळा करायला चाललेल्या पोरीला दगड देते म्हणून तुम्ही मायलेकी हसला असता. मोनिका आत्ताच हसतीय. त्याला रोज हळद-कुंकू नको, नुसतं पाणी दाखवलं तरी पुरे.

हैदराबादला नीट साडी नेस. परत ये, म्हंजे दृष्ट काढता येईल.

अनसूया आजी (अंगठा)


कॅम्प, बुंदेलखंड
२५ जानेवारी २०२५

ती. स्व. आजीस,
मनूचे शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि तशीच कामाला लागले.

लोणारच्या काचेची जुनी मापं काढून ताडून पाहिली. तंतोतंत जुळली. नंबर घातलेला, सरांनी पेढे वाटलेला तो दगड म्हणजे तुझा देव. सरांना सांगितलं. ते म्हणाले की परिषदेत या दगडाविषयी काहीच बोलू नकोस, अभ्यास सुरू आहे एवढंच सांग. पण आजी, दगडाची बातमी तिथे आधीच पोचली होती. गप्प राहिले असते तर ती खरीच धरली गेली असती.

म्हणून मी उभी राहिले आणि सांगितलं की हा दगड डोंगराचा नाही, आजीच्या देव्हाऱ्यातला आहे. डोंगर कसा झाला हे मला अजून माहीत नाही. सभागृह हसलं. ज्वालामुखीच्या बाजूचे एक म्हातारे अभ्यासक सगळ्यांत जास्त हसले, आणि आजीकडे आणखी काही दगड आहेत का, असं त्यांनी विचारलं. चहाच्या वेळी मात्र त्यांनी कबूल केलं की पक्का पुरावा त्यांच्याकडेही नाही. मार्चमध्ये ते माझ्याबरोबर डोंगर बघायला येणार आहेत. सर परतीच्या प्रवासात बोलले नाहीत. काल म्हणाले, आणखी एक हिवाळा मागून बघतो. माझ्याकडे न बघता म्हणाले.

आता ज्याची भीती वाटते ते. आजी, तुझा दगड मी कापला. त्यातला अर्धा भाग काप काढण्यात झिजून गेला. उरलेला अर्धा सोबत पाठवतेय. तुझ्या माहेरची तेवढीच एक खूण होती. रागाव, पण पत्र सांगायचं थांबवू नकोस.

तुझी मनू


औरंगपुरा
३ फेब्रुवारी २०२५

चि. मनू हिस,
आजीचे उरलेसुरले सगळे आशीर्वाद. वि. वि. अर्धा देव पोचला. हातात घेऊन बसले. कापलेल्या बाजूला आतून कसा चमकतो गं! इतकी वर्षं आंघोळ घातली, पण त्याच्या पोटात काय ते मला तू दाखवलंस. आभाळाचा तडाखा खाल्लेला दगड माझ्या पदराला बांधलेला व्हता, हे आधी ठावं असतं तर सासरी जरा ताठ मानेनं आले असते.

मोनिका म्हणाली, खंडित देव घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. म्हटलं, माझ्या तोंडात दात किती राहिले? मला ठेवलंयस ना घरात? तिनं स्वतःच्या हातानं त्याला बाळकृष्णाशेजारी ठेवलं. विहिरीची गोड बाजू तिची, असं आता लिहायला हरकत नाय.

लक्ष्मीबाईंना मीच जाऊन सांगितलं की पुरावा खोटा निघाला, नात खरी निघाली. भाजीवाल्याला बी सांगितलं. कोथिंबिरीचे पैसे घेतले मेल्यानं.

तुझे सर बोलतील. रुसलेला माणूस आणि न शिजलेली डाळ, दोन्हीला वेळ द्यावा. मार्चमध्ये त्या म्हाताऱ्याबरोबर डोंगरावर जाशील, तेव्हा एक खडा माझ्यासाठी आण. या खेपेला नंबर घालून आण, म्हंजे घोटाळा नको. देव्हाऱ्यात लोणारच्या अर्ध्याशेजारी जागा रिकामी झालीच हाय. त्याचं कूळ ठरलं नाय तरी बसू दे. रोज पाणी दाखवीन आणि विचारीन, बाबा रे, वरून आलास का खालून? मला सांगितलं तर तुला कळवीन.

घाई करू नको. डोंगर एवढी युगं थांबला, मी बी थांबते. दोघांनाही भेटायला तूच यायचंस.

अनसूया आजी (अंगठा)

ता. क. मनू, अंगठा उठवताना आईंच्या हातात तोच दगड होता, म्हणून कागदावर शाईबरोबर कुंकू लागलंय. पुसलं नाही. — आई