चोवीस विटा, तीस अंश

३ ऑक्टोबर

अठ्ठ्याऐंशी! मेट्रन कालिलोंबे मॅडमनी आज फळा स्वतः पुसला, स्वतः लिहिला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितला. आमच्या अतिदक्षता विभागाच्या दारातच आहे हा फळा – ‘न्यूमोनियाविना दिवस’. बाहेरून घेऊन आलेला न्यूमोनिया यात धरत नाहीत. आमच्याकडे येऊन, आमच्याच मशीनवर असताना, आमच्याच कृपेने होतो, तो धरतात. शंभर भरले की राजधानीहून, लिलाँग्वेहून, मोठे पाहुणे येणार आणि बक्षीस देणार – एक नवा पलंग, हँडलसकट.

हँडलचं अप्रूप आम्हालाच ठाऊक. चारही पलंगांची हँडलं मी इथे लागायच्या आधीच तुटलीत. पेशंटचं डोकं तीस अंश वर हवं. आडवं ठेवलं की तोंडातलं, पोटातलं हळूच फुप्फुसात उतरतं. म्हणून पाठीच्या फळीखाली विटा. पलंगाला सहा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, रोज पुसलेल्या. एकूण चोवीस. नाचिसाले मावशींच्या भावाची भट्टी आहे, त्यानेच आणून दिल्या.

मावशी म्हणजे दोन नंबरच्या पलंगावरच्या हेडमास्तर चिकोपांची बायको. पायातून लुळेपणा चढत चढत छातीपर्यंत आला, तेव्हा ऑगस्टात हेडमास्तरांना आणलं. शुद्ध पक्की, डोकं लखलखीत, पण श्वास मशीनचा आणि गळ्यात नळी, त्यामुळे आवाज नाही. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. मावशी अक्षरांच्या तक्त्यावर बोट फिरवतात आणि ते पापणीने अक्षर पकडतात. पहिलं अख्खं वाक्य काय सांगितलं असेल? ‘फळा तिरका लावलाय.’ खरंच तिरका होता.

४ ऑक्टोबर

हेडमास्तरांचा उजवा अंगठा हलला! डॉक्टर झिंबा म्हणाले, असंच चाललं तर महिनाअखेरीस मशीन सोडवू. मावशी बाहेर जाऊन रडल्या, तोंड धुऊन परत आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “आयुष्यभर पोरांना ताठ बसवलंत ना? आता बसा तीस अंशात.” आमच्याकडे कोन मोजायला त्यांच्याच शाळेतला लाकडी कोनमापक आहे, फळ्यावर वापरतात तो, थाळीएवढा. मावशींनीच आणला. मी तो फळीला लावला की हेडमास्तर डोळे तिरपे करून आकडा तपासतात.

७ ऑक्टोबर

ब्याण्णव. कार्यक्रमाची समिती झाली. मी गाण्यात.

गाणं फुप्फुसांवर आहे. आठ कडवी. पाचव्यात थुंकी येते.

९ ऑक्टोबर

समारंभाचं कापड छापून आलं. आमच्याकडे कापड छापल्याशिवाय समारंभ होतच नाही – कुणाचा वाढदिवस असो की चर्चचा. मॅडमनी फुप्फुसांचं चित्र पाठवलं होतं. छापणाऱ्याने उलटं छापलंय. दोन जाडजूड वांगी देठ खाली करून टांगल्यासारखी दिसतात. आता सगळ्या नर्सेस तेच नेसणार. मावशींनी कापड चाचपून बघितलं, “रंग जाणार नाही,” एवढंच म्हणाल्या.

११ ऑक्टोबर

शहाण्णव. दर चार तासांनी तक्ता भरायचा: तोंड साफ केलं – खूण. नळीचा दाब बघितला – खूण. डोकं तीस अंश – खूण. महिनाभराचे कागद पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेले असतात. आता तर इतका सराव झालाय की हात आपला आपण खुणा करतो. घरी भाजीची यादी केली तर तिच्यापुढेही खुणा केल्या.

१३ ऑक्टोबर

अठ्ठ्याण्णव. गाण्याची तालीम अकरा ते पावणेदोन. पाचवं कडवं काढा म्हणून मी हात जोडले, नाही काढलं. धावत वॉर्डात आले. दोनचा तक्ता राहिला होता, चारही पलंगांचा भरून टाकला.

हेडमास्तर सारखे डोळे मिटत होते. दोनदा, मग परत दोनदा. बाहेर आवार बघणाऱ्या म्वालेची माणसं वाटेला चुना लावतायत, वाटलं उडून डोळ्यात गेला असेल. ओल्या कापसाने डोळे पुसले. तरी दोनदा. मी म्हटलं, “सर, परवा कार्यक्रम आहे, जरा सांभाळून घ्या.” मावशी कपडे धुवायला घरी गेल्या होत्या, उद्या सकाळीच येणार, नाहीतर अक्षरांचा तक्ता धरला असता त्यांनी. आणि मला तर साबण घ्यायला दुकानात जायचं होतं.

१४ ऑक्टोबर

कसं लिहू!

सकाळी आले तर हेडमास्तरांना एकशे तीन ताप. नळीतून पिवळं, घट्ट. छातीत उजवीकडे खरखर. आणि ते आडवे, सपाट! चारही पलंग सपाट. पाठीखाली एक वीट नाही.

विटा वाटेवर होत्या. मोठे पाहुणे येणार म्हणजे वाटेच्या दोन्ही कडांना चुना फासलेल्या विटा हव्यातच, त्याशिवाय आमच्या देशात कुणी मोठा माणूस पायच टाकत नाही. म्वालेला नेमक्या चोवीस कमी पडल्या. काल अकरा वाजता येऊन त्याने आमच्या काढून नेल्या. विचारलं तर म्हणाला, “सिस्टर, मला वाटलं तुमच्याकडे नुसत्या पडून आहेत.” न्यूमोनिया न झाल्याच्या सत्कारासाठी!

मी धावत गेले, विटा उपटून आणल्या. चुना ओला होता, कोपरापर्यंत पांढरी झाले. बाकी तिघांना तूर्त काही नाही, देवाची कृपा.

मॅडमना म्हटलं, थुंकीचा नमुना तपासायला पाठवते. मॅडम खुर्चीत बसल्या, चष्मा काढला. “म्सुकवा, नमुना गेला नाही तर रिपोर्ट येत नाही. रिपोर्ट आला नाही तर न्यूमोनिया झालेला नाही. परवा पाठव.”

“आणि ताप?”

“मलेरिया असेल.”

मलेरियाची तपासणी केली. नाही निघाला. मग मॅडम म्हणाल्या, ऑक्टोबरचा उकाडा आहे. डॉक्टर झिंबांनी अँटिबायोटिक सुरू केलं आणि कागदावर कारण लिहिलं – ‘खबरदारी’. दुपारी मी नमुना घेतला आणि पदराआड लपवून स्वतः लॅबमध्ये देऊन आले. त्या फुप्फुसांच्या कापडाच्या पदराआड!

१५ ऑक्टोबर

शंभर.

पाहुणे आले. वाटेच्या कडेला मध्येच चोवीस विटांची खिंडारं. पाहुणे थांबले, मॅडमनी सांगितलं, इथे फुलझाडं लावणार आहोत. मग वॉर्डात आले. पाठीखालच्या पांढऱ्याशुभ्र विटा बघून म्हणाले, ही काय नवी पद्धत? मॅडम म्हणाल्या, आमची स्वतःची आहे. पाहुण्यांनी बरोबरच्या माणसाला टिपून घ्यायला सांगितलं. सगळ्या जिल्ह्यांत विटांना चुना लावायला सांगणार म्हणे!

नवा पलंग आला. हँडल नाही. मागून पाठवतील. मॅडमनी हसत हसत मला कानात सांगितलं, सहा विटा मागव.

पाचव्या कडव्याच्या वेळी हेडमास्तरांचा ऑक्सिजन खाली गेला. मी गाणं सोडून आत पळाले. दीड तास मी आणि डॉक्टर झिंबा त्यांची छाती मोकळी करत होतो. मावशी कोपऱ्यात कोनमापक छातीशी धरून उभ्या होत्या. बाहेर टाळ्या वाजत होत्या. हे गेले तर मी मावशींना तोंड दाखवू शकणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

१७ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. न्यूमोनिया. आमच्याच वॉर्डातला जंतू, ओळखीचा.

मला वाटलं मॅडम मला फाडून खातील. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, फळा पुसला आणि शून्य काढला. मग हातमोजे घातले आणि हेडमास्तरांचं तोंड स्वतः साफ केलं, प्रत्येक दात. अर्धा तास लागला. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, बाजूला हो.

१९ ऑक्टोबर

ताप उतरतोय. शंभरावर आला. आज मावशींनी पहिल्यांदा काही खाल्लं – मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि सुकी मासळी, माझ्या डब्यातली.

रिपोर्ट कळताच पाहुण्यांनी नवा पलंग परत मागवून घेतला. ट्रक येऊन घेऊन गेला. तासाभराने पोस्टाने हँडल आलं.

२१ ऑक्टोबर

चौकशी झाली. विटा कधी काढल्या? म्वाले म्हणाला, अकरा वाजता. चौकशी समितीने तक्ता मागवला. तक्त्यात दोन वाजता, चारही पलंगांसमोर: डोकं तीस अंश – खूण. खाली माझी सही. त्यापुढचे रकाने सकाळपर्यंत कोरे, सगळे सजावटीत होते.

म्हणजे दोनपर्यंत विटा जागेवर होत्या. म्हणजे म्वाले खोटं बोलतोय. समितीचे अध्यक्ष म्हणाले, माणूस विसरतो, कागद विसरत नाही. ठरलं की म्वालेने संध्याकाळी गुपचूप विटा चोरल्या. कशासाठी चोरल्या, हे कुणी विचारलं नाही. त्याला घरी बसवलंय. महिनाअखेर कायमचं काढणार.

मला विचारलं, “तुम्ही बघितलं होतं ना, सिस्टर?”

मी म्हटलं, “तक्त्यात आहे.”

२२ ऑक्टोबर

काही लिहायचं नाही.

२३ ऑक्टोबर

लिहायचं होतं. नाही लिहिलं.

२५ ऑक्टोबर

म्वालेची बायको फाटकाशी भेटली. भांडली नाही. उलट विचारलं, हेडमास्तर कसे आहेत? मी म्हटलं, बरे आहेत. ती म्हणाली, हे सारखं म्हणतात, त्यांना काही झालं तर माझ्या डोक्यावर येईल. मी घाईत आहे असं सांगून निघाले. कसली घाई होती? भेकड आहे मी. इथे तरी लिहिते – भेकड.

समोर येईल त्याला सांगावंसं वाटतं आणि तोंड उघडलं की भलतंच निघतं. आज मॅडमना सांगायला गेले आणि हातमोज्यांचा साठा संपत आलाय म्हणून आले. तेही खोटं. दोन खोकी आहेत.

२८ ऑक्टोबर

हेडमास्तर मशीनशिवाय चार तास! उजव्या हाताची बोटं वळतात. मावशींनी पेन्सिलीला चिंध्या गुंडाळून जाडी केलीय, ती धरतात.

मी तोंड साफ करायला गेले तर माझ्याकडेच बघत होते. विचारलं, दुखतंय का? दोनदा. तहान? दोनदा. मावशींनी अक्षरांचा तक्ता धरला. बोट फिरलं, पापणी मिटली, बोट फिरलं. मावशी म्हणाल्या, “तेरा तारखेचा कागद मागतायत. काय करायचाय आता त्यांना तो?”

मी म्हटलं, उद्या देते.

२९ ऑक्टोबर

दिला.

हेडमास्तरांनी पेन्सिल मुठीत धरली. दोन वाजताच्या रांगेत, माझ्या खुणेवर त्यांनी सावकाश फुली मारली. मग खाली, पहिलीतल्या पोरासारख्या वाकड्या अक्षरात लिहिलं: ‘दुरुस्ती करून दाखवा.’

मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय. कागद मांडीवर आहे. आत कुणीतरी आहे, त्यानंतर मी.