पोस्टरवरचा नंबर

करिश्मा,

तू तिकडं स्टेजवर गाऊन राहिलीस अन् मी मागं गाडीत हे लिहून राहिलो. तुझ्या हाती द्यायची हिंमत मात्र न्हाई.

बँडचा मॅनेजर म्हणून पोस्टरवर माझाच नंबर असतो. गेल्या महिन्यात मुंबईच्या गाण्याच्या कंपनीचा फोन आला. त्यांना एकटी तूच पाहिजे होतीस, बाकी बँड नको. मी घाबरून बोलून गेलो, "तिचं लग्न झालं, गाणं सोडलं तिनं." रेणापूरच्या पोरीबद्दल हे त्यांना लगेच पटलं.

आज नांदेडात त्याच कंपनीचे साहेब पहिल्या रांगेत बसलेत. म्हणून मी गाडीतच दडून बसलोय.

आत्ताच तू माईकवर म्हणालीस, "अंगददादा नसता, तर घरच्यांनी माझं कवाच लग्न लावलं असतं."

लई टाळ्या पडल्या.

तुझं लग्न लावून मोकळा झालेला,
अंगद