अकरा किल्ल्या

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

मामा, निवडून आले! आमच्या व्यवस्थापन महाविद्यालयाच्या विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष आता तुमची भाची आहे. अवघ्या सात मतांनी, पण आले. हरलेला लंबू नियमाप्रमाणे माझा उपाध्यक्ष झाला. त्याने हसत अभिनंदन केलं, तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं.

नऊ मार्चला आमचा उद्योगमेळा आहे. साबण करणारे, खुर्च्या विणणारे, सायकली दुरुस्त करणारे असे तीस छोटे उद्योजक आमच्या वर्गांमध्ये माल मांडणार. आजवर हे सगळं प्राध्यापक करायचे. यंदा मी थेट संचालकांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, दोन वर्षं फळ्यावर शिकलो, आता करून बघू द्या. ते म्हणाले, देतो, पण गोंधळ झाला तर यापुढे विद्यार्थ्यांच्या हाती टाचणीसुद्धा देणार नाही. म्हणजे आमच्या मागून येणाऱ्यांचंही ओझं माझ्यावर आलं. भीती वाटते, आणि तरी पाय जमिनीवर ठरत नाहीत.

कारखान्यातली चाळीस माणसं तुमचं कशी ऐकतात हो? लवकर लिहा. आणि मेळ्याला यायचंच, सबबी चालणार नाहीत. मामीला नमस्कार. आहे तेवढी माया असू द्या, थोडी वाढवलीत तरी चालेल.

तुमची,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि दोन्ही वेळा डोळे पुसले. मी देवापुढे हात जोडले आणि कामावर जाऊन सगळ्यांना सांगत सुटलो. खोकी चिकटवणाऱ्या आमच्या डिंकवाल्या बाई म्हणाल्या की अध्यक्ष भाची झाली आहे, छाती मामाची फुगली आहे.

मला फार काही कळत नाही. खोक्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं मुकादमकी केली, त्यातलं एक सांगतो. हत्यारांच्या कपाटाची किल्ली मी काळ्या गोफात ओवून कमरेला बांधतो. पान्यापासून पात्यापर्यंत काहीही हवं असलं की माणूस माझ्याकडे येतो, आणि कुठे काय चाललंय ते मला न विचारता कळतं. किल्ली आपल्या कमरेला असली की काम आपल्या हातात. तसलाच एक गोफ सोबत पाठवतो आहे.

मेळ्याला यायचा फार मोह होतो. पण मी नसलो तर कपाट कोण उघडणार? जेवत जा. आशीर्वाद कायमचे आहेत, ते मागावे लागत नाहीत.

तुझा,
मामा

२७ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गोफ झकास! अकरा खोल्यांच्या अकरा किल्ल्या त्यात ओवल्या आहेत. चालताना छुमछुम वाजतात, म्हणून सगळे मला घुंगरू म्हणायला लागले आहेत. लंबू म्हणाला की किल्ल्या आदल्या दिवशी वाटून टाकू. मी साफ नाही म्हटलं. त्यावर तो म्हणाला, मग मंडळातल्या आम्ही सतरा जणांनी काय टाळ्या वाजवायच्या का? थोडं लागलं मनाला. पण तुमचं सूत्र सोडणार नाही.

घाईत आहे. रागावू नका, लोभही कमी करू नका.

घुंगरू ऊर्फ भिंगरी

१० मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, आधी बसून घ्या.

काल सकाळी नऊ वाजता फाटकाशी तीस उद्योजक हातगाड्या घेऊन उभे. दहाला संचालक येणार. फलक आणायला मी तिसऱ्या मजल्यावर निघाले आणि लिफ्ट मध्येच बंद पडली. आत मी. माझ्या कमरेला अकराच्या अकरा किल्ल्या. खाली एक दार उघडं नाही!

मी आतून ओरडून हुकूम सोडत होते. शेवटी बाहेरून लंबू शांतपणे म्हणाला की अध्यक्षबाई, हुकूम पुरे, किल्ल्या द्या. दाराला बोटभर फट होती. जुडगा काही केल्या त्यातून जाईना. मग गोफ सोडला आणि एकेक किल्ली सरकवली. प्रत्येक किल्लीला पलीकडे नवा हात येत होता. सायकलवाले तू बघ, जेवणाचं तू बघ, असं करत मी एकेकाला नावाने सांगत गेले. अकरावी किल्ली गेली आणि गोफ रिकामा झाला. मग खालच्या मजल्यावर धडाधड दारं उघडल्याचे आवाज आले. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. मला कोणी हाकसुद्धा मारत नव्हतं, म्हणून.

सव्वा तासाने दुरुस्तीवाल्याने बाहेर काढलं. खाली उतरून बघते तर मेळा रंगात आला होता! लंबूने माझा नकाशा बदलून जड सामानवाले दाराजवळ बसवले होते, आणि तेच बरोबर होतं. त्याला तसं सगळ्यांसमोर सांगितलं. संचालक भाषणात म्हणाले की अध्यक्ष कुठे धावपळ करताना दिसल्या नाहीत, यालाच उत्तम नेतृत्व म्हणतात. लिफ्टचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं! पुढच्या वर्षी मेळा पुन्हा विद्यार्थ्यांकडे, तोही दोन दिवसांचा.

मामा, राग येईल, तरी विचारते. बावीस वर्षांत तुमच्या कपाटाजवळ किती जण ताटकळले असतील? तीस एप्रिलला मला पदवी मिळणार आहे. याल? तुमचा लोभ मध्येच अडकत नाही, हे माहीत आहे म्हणून विचारलं.

तुमची,
भिंगरी

१८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. लिफ्टपाशी येईपर्यंत सगळे पोट धरून हसत होते. तुझा प्रश्न आला आणि सगळे डब्यात बघायला लागले. डिंकवाल्या बाईच तेवढ्या बोलल्या. म्हणाल्या, माझ्यापुरतं सांगते, चौदा वर्षं. पातं बदलायचं झालं की तुम्ही मोकळे होईपर्यंत मी उभी असते.

मी डबा तसाच झाकून ठेवला. संध्याकाळी देवापुढे बसलो तेव्हा वाटलं, रोज याला म्हणतो, सगळा भरवसा तुझ्यावर, आणि शेजारच्या माणसाला साधी किल्ली दिली नाही.

दुसऱ्या दिवशी किल्ली बाईंना दिली. दिवसभर हात उगाच कमरेकडे जात होता. दुपारी मात्र मध्येच कोणी किल्ली मागायला आलं नाही आणि पहिल्यांदाच डबा गरम असताना संपला. बाईंनी कपाट असं लावलंय, की पाना शोधायला मलाच त्यांना विचारावं लागतं, आणि त्या मुद्दाम दोनदा विचारायला लावतात.

मी येतोय. एक दिवस नाही, चांगली आठवडाभर रजा टाकली आहे. साहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. मामीने आत्तापासून पिशवी भरायला घेतली आहे. लंबूला सांग, मामाला त्याच्याशी हात मिळवायचा आहे.

माझा गोफ सोबत पाठवला आहे. आता त्यात काही नाही. पदवीची गुंडाळी बांधायला होईल.

तुझा,
मामा