नाव न लिहिलेली साठ पत्रं

शारजा,
१२ फेब्रुवारी १९६८

प्रिय बदरुन्निसा आपा,

अस्सलामु अलैकुम. धाकट्या बहिणीचा सलाम घे, दुलाभाईंनाही सांग. अल्लाच्या मेहरबानीनं आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस असं मागच्या पत्रात लिहिलं होतं (तुमच्या घराला जिनाच नाही, हे आगबोट सुटल्यावर आठवलं). एकूण माझं डोकं सध्या ठिकाणावर नाही. झालं ते क्रमानं लिहिते. तुला कळलं तर मलाही सांग.

तू बोटीवरच्या तय्यबबरोबर सुका जवळा पाठवलास, तो बांधलेल्या वर्तमानपत्रात एक जाहिरात होती. (तुला दोष देत नाही. जवळा छान होता.) सुवाच्य अक्षर असलेल्या स्त्रियांना घरबसल्या काम, महिना दोनशे रुपये, नोंदणी फक्त पंचवीस. म्हणजे इथले सोळा रियाल. आमच्या शहनाझच्या अब्बांनी विचारलं, काम देणारा पगार देतो की मागतो? मी म्हटलं, शाळासुद्धा फी घेते. ते म्हणाले, शाळेनं पगार देण्याचं कबूल कधी केलंय? हा मुद्दा मला तीन दिवसांनी पटला. तोवर पैसे तय्यबच्या हातून मुंबईच्या वाटेला लागलेही होते. कंपनीचं उत्तर इतक्या आदराचं आलं, आपा, की मी ते दोनदा वाचलं. माझ्या अक्षराची फारच तारीफ केली होती. (माझा अर्ज ह्यांच्या ऑफिसातल्या टाइपरायटरवर केलेला होता, हे नंतर सुचलं.)

काम असं की त्यांनी पाठवलेलं पत्र साठ वेळा उतरवायचं आणि ओळखीच्या बायकांना पाठवायचं. खाली आपलं नाव घालायचं नाही, म्हणे व्यापारात तशीच पद्धत असते. पत्रात तेच होतं, घरबसल्या कमाई करा, अमुक पत्त्यावर पंचवीस रुपये मनिऑर्डरनं पाठवा. मी हात दुखेपर्यंत लिहिलं. सगळ्याजणी पत्रंच लिहीत बसल्या तर त्यातून दोनशे रुपये कोण आणि कुठून देणार, हे माझ्या मनात आलं नाही. अजूनही मधेच वाटतं, काहीतरी हिशेब असेल, मलाच समजला नसेल. साठातली चाळीस पत्रं मी आपल्या मोहल्ल्यात धाडली. तुला धाडलं नाही, कारण तू ओरडली असतीस.

आता खरी गोष्ट. आपल्या मोहल्ल्यातली जी मुलं इथे नोकरीला आहेत, त्यांची घरची पत्रं नऊ वर्षं मीच लिहिते, तुला माहीत आहे. शुक्रवारी इथल्या रोल्ला मैदानातल्या वडाखाली त्यांच्या गप्पा संपल्या की एकेक जण आमच्या दाराशी येतो. त्यामुळे तिकडे माझं अक्षर दिसलं की ते माझं नसतंच. कुणाला तो मुलगा वाटतो, कुणाला नवरा.

गेल्या शुक्रवारी जहूर आईचं पत्र घेऊन आला. मरियमबीनं ते मास्तरांकडून लिहून घेतलं होतं. मी वाचायला लागले. सगळे खुशाल आहेत, शेळी व्याली, आणि तू सांगितल्याप्रमाणे पंचवीस रुपये त्या पत्त्यावर पाठवले, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवले होते त्यातले दिले, तू सांगतोस म्हणजे चांगलंच असेल. तिथे मी पत्र खाली ठेवलं. जहूर जरा विचारात पडला. मग म्हणाला, “भाभी, मला तर आठवत नाही. पण तुम्ही लिहिलंत म्हणजे मीच सांगितलं असणार.”

मी त्याला चहा दिला.

म्हणून आपा, घरोघर जाऊन सांग की पंचवीस रुपयांचं, खाली नाव नसलेलं पत्र कुणाच्याही मुलाचं नाही. ते चुलीत घालावं. गुडघा दुखत असेल तर सावकाश जा, पण आजच जा.

तुझी,
हमीदा

ता. क. तय्यबजवळ पंचवीस रुपये देते आहे. मरियमबीला दे. कंपनीनं परत केले म्हण.

ता. क. २. कंपनीचं नाव काढू नकोस. कंपनी पैसे परत करते असं कळलं तर उरलेल्या सगळ्याजणी पाठवतील. जहूरनं पाठवले म्हण.

ता. क. ३. तेही नको. ती पुढच्या पत्रात त्याला दुवा देईल आणि ते पत्र मलाच वाचून दाखवावं लागेल. हमीदानं पाठवले म्हण, आणि का ते मोठ्यानं सांग.

ता. क. ४. तय्यब निघायच्या आत जहूरला सगळं सांगून टाकलं. तो रागावला नाही. जाता जाता त्यानं विचारलं, “भाभी, गेल्या ईदला आईला लिहिलं होतं ना, जेवताना रोज तुझी आठवण येते म्हणून. ते मी सांगितलं होतं, की तेही तुम्हीच?” मी म्हटलं, तूच सांगितलं होतंस. (त्यानं फक्त पैसे पोचले का, एवढंच विचारायला सांगितलं होतं. आपा, हे मात्र कुणाला वाचून दाखवू नकोस.)