अक्का, यंदा ज्वारी किती सांगू?

प्रिय अक्का,

सकाळी लोह्याहून धाकट्या भाऊजींचा फोन आला. नवी ज्वारी निघाली म्हणे. "वैनी, यंदा किती पोती धाडू?" तुम्ही गेल्यावरचं हे पहिलंच वर्ष. आजवर थोरली जाऊ म्हणून आकडा तुम्हीच सांगायच्या, मी नुसती भाकरी थापणारी! उद्या सांगते म्हणाले आन् तुम्हालाच लिहायला बसले. दुसरं कोणाला विचारू?

लातूरला शिकायला म्हणून नात्यागोत्यातली किती लेकरं आपल्याकडं राहायची! कोणी नायगावहून, कोणी लोह्याहून. ज्याच्या त्याच्या आईनं जमेल तशी ज्वारी बांधून दिलेली. कोणाचं पोतं, कोणाची नुसती पिशवी. तुम्ही दार लावून सगळं एकाच कोठीत ओतायच्या. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "कोणाचं किती, हे जेवताना कोणालाच कळू नये. तुलाबी न्हाई."

मला राग यायचा. कोण काय घेऊन आलं ते मला दिसायचंच, आन् पिशवीवाल्याचीच भूक लई मोठी असायची! पण तुम्ही कधी हात आखडला न्हाई.

लेकरं आताबी येतात लातूरला. होस्टेलवर राहतात, मेसचे पैसे फोनवरून जातात. भाऊजींची नात तर पलीकडच्याच गल्लीत हाय. म्हणते, आजी, तुम्हाला उगं त्रास कशाला? त्रास म्हणे! कोठीवर आता मी इस्त्रीचे कपडे ठेवते. पुण्याहून माझी लेक तयार पिठाची पिशवी घरपोच धाडून राहिली, तीबी सरत न्हाई, जाळ्या लागतात.

कडुनिंबाचा पाला कधी घालायचा, उन्हातली ज्वारी गार झाल्याबिगर भरायची न्हाई, सगळं शिकवलं तुम्ही. मग एकटीला किती लागतं, तेवढंच का न्हाई शिकवलं? दोन भाकरी केल्या तरी एक उरते. दुसऱ्या दिवशी तीच कुस्करून उभ्या उभ्या खाते. समोर कोणी नसलं की बसून जेववत न्हाई हो.

लेक म्हणते, अर्धं पोतं लई झालं. तिचंबी बरोबर हाय. पण अर्धं सांगायचं म्हंजे या घरात आता कोणी जेवायला येणार न्हाई, हे आपल्याच तोंडानं कबूल करायचं. लई एकटं वाटतंय, अक्का.

उद्या भाऊजींना सांगते, दरसाल जितकी धाडता तितकीच धाडा. येताना नातीला गाडीत घालून आणा, जेवल्याबिगर सोडणार न्हाई.

आन् कोणी न्हाईच आलं, तर दळून गल्लीत वाटीन, कीड लागू देणार न्हाई. पण तुम्ही ठरवलेली ज्वारी मी माझ्या तोंडानं कमी करणार न्हाई. तेवढं माझ्यानं व्हायचं न्हाई.

तुमची धाकटी जाऊ,
सुमन