कमानीची रुंदी

ओतूर,
१२ नोव्हेंबर २००८

प्रिय ज्ञानेश्वर,

परवा तुझी आई साडी-नारळ घेऊन आली होती. "पोरी, झालं गेलं इसरून जा, दोघं मिळून संसार मांडा," म्हणाली. अंबाकाकूंना मी साडी-नारळ परत दिले. त्यांच्यावर माझा राग नाही. तो तुझ्यावर आहे.

शेवटच्या वर्षी कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरवर आपण कांद्याच्या शेडची कमान बनवली, तेव्हा तू केवढा हरखला होतास. रुंदीचा एक आकडा बदलला की सगळी कमान हलायची. उंची वाढायची, वळण बदलायचं, आणि भार पेलायला पाइपही आपोआप जाड व्हायचा. रुंदी आणि जाडीचं ते नातं मी बांधलं होतं, पुन्हा पुन्हा हिशेब तपासून. "राव, ही तर जिवंत हाय!" असं तू म्हणायचास. त्या दिवसांत तू मला आवडायचास, याची आता चीड येते.

पुढे तीच शेड तू माझ्या सावळेराममामांकडे उभी करायला घेतलीस. त्यांना आत ट्रॅक्टर न्यायचा होता, म्हणून तू रुंदी वाढवलीस. पाइप जाड झाला. पण तू आधीच बारीक पाइप आणून टाकला होतास. मग तू ते नातंच तोडलंस, जाडी जुन्या आकड्यावर अडकवून ठेवलीस आणि मला कळूही दिलं नाहीस. पडद्यावर कमान देखणीच उभी राहिली. कॉम्प्युटरला काय, सांगू ते काढतो.

मे महिन्याच्या वादळात शेड बसली. आत कांदा निवडत असलेल्या सरूबाईंचा उजवा हात गेला. आणि तू मामांच्या ओट्यावर, चारचौघांत, माझ्याकडे बोट केलंस: "डिझाइन हिचं हाय. मी निस्तं उभं केलं." मी घसा फोडून सांगत होते, कुणी ऐकलं नाही. सख्ख्या मामांनी मला दार बंद केलं.

परवा निघता निघता अंबाकाकू उंबऱ्यात बोलून गेल्या. घोडेगावकडच्या एका शाळेच्या शेडचं काम तुला मिळतंय, फक्त नकाशावर इंजिनियरची सही पाहिजे. "त्याचे दोन पेपर राह्यलेत, तू तर पास झालीस." तुला बायको कशाला हवी होती, ते तेव्हा कळलं.

काल मैत्रिणीचा लॅपटॉप घेऊन मी त्या शाळेत गेले. सरूबाई आपणहून बरोबर आल्या. गावकऱ्यांपुढे मी कमान उघडली. रुंदी वाढवली, पाइप जाड झाला. मग तू केलंस तसं करून दाखवलं. सरपंच म्हणाले, "ही बी चांगलीच दिसतीय की!" सरूबाईंनी पदर बाजूला करून कोपरापाशी संपलेला हात पुढे केला. "आमची बी लई चांगली दिसत व्हती," त्या म्हणाल्या. सरपंचांनी तुझा नकाशा गुंडाळून बाजूला सारला. ते काम तुला मिळणार नाही, आणि मीही नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

यापुढे तुला अनोळखी,
वैजयंती