दस्त्यावर उभी केलेली बंदूक

इस्लामपूर,
८ जून २०२३

चि. नानासोस अंजनाक्काचा आशीर्वाद. वि. वि.

फोन उचलत न्हाईस म्हणून लिवतेय. चौथी शिकलेल्या बाईला पेन धरायला लावलंस.

मालक जाऊन तीन महिनं झालं. दहाव्याला चारचौघांत मी बोलले, तुझ्या नव्या बंदुकीनं माझं कुकू पुसलं, तोंड दावू नगंस. ते मी मागं घेत न्हाई. आपल्या आबांच्या घडणीची ठासणीची बंदूक काय वाईट होती? कॅपची ठिणगी दारूत जायचं भोक बाजूला होतं, ते तू सरळ मागं नेलंस. घोडा पडला, कॅप वाजली, बार न्हाई. काय अडलं बघायला मालकांनी नळी तोंडाकडं फिरवली, आन् तवा बार झाला.

तसल्याच दोन अजून दुकानात हायेत. येऊन तोडून टाक. पल्लवी मामाची आठवण काढती. मी न्हाई.

थोरली हाय म्हणून आशीर्वाद. तेवढ्यावर भागव.

अंजना

सातारा,
१५ जून २०२३

ती. अक्कास नानासोचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडी नाचल्यागतच आहे. मी इथं ग्रिलच्या कारखान्यात लागलोय. जेवण वेळेवर होतं, काळजी नसावी.

दाजींचा गुन्हेगार मीच. भोक बारीक पाडलं, ठिणगी उशिरा पोचली, असं पोलिसांना लिहून दिलंय. शिक्षा होईल ती भोगीन. बंदुका करायचा परवाना गेला तरी आता मला काही नाही.

त्या दोन बंदुका रविवारी येऊन कापतो म्हणालो असतो, पण पाय उचलत नाही. तू हात लावू नकोस. उभ्या असतील तर तेवढ्या आडव्या ठेव.

पूर्वीसारखी माया ठेव म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

तुझा,
नानासो

इस्लामपूर,
२२ जून २०२३

चि. नानासोस आशीर्वाद. वि. वि.

हात लावू नको म्हणलास, म्हणून लावला. आडव्या का ठेवायच्या, हे डोक्यातनं जाईना.

दारू न घालता नुसती कॅप लावली, नळीचं तोंड भुईच्या धुळीवर धरलं आन् घोडा वडला. आबांच्या बंदुकीनं धूळ उडाली. तुझ्या दोन्हींनी न्हाई. मग भोकात तार घातली. तेलानं बरबटून निघाली. रॉकेलनं धुऊन सुकवलं, परत कॅप लावली. धूळ उडाली, नाना. भोक बारीक नव्हतं.

गिऱ्हाईकाला द्यायच्या आधी नळीत तेल सोडून बंदूक दस्त्यावर उभी करायची, लाकडी दस्ता भुईला आन् नळीचं तोंड वर, ही आबांची रीत आन् ते काम माझं. जुन्या बंदुकीत भोक बाजूला, म्हणून चालून गेलं. तुझ्यात सगळं तेल उतरून भोकात बसलं, दारू भिजली, आन् बार उशिरा झाला. मालकांच्या बंदुकीत तेल मीच वतलं होतं, आन् तुला ते पहिल्या दिवसापास्नं ठावं होतं, म्हणून तर आडव्या ठेव लिवलंस.

उद्या ठाण्यात जाऊन सगळं सांगते. आडवा येऊ नगंस. पल्लवीला आजच सांगितलं. ताटावरनं उठली.

शाणपणा केलास माझ्यासाठी. पण तीन महिनं मी तुला शिव्या देण्यात घालवलं. मालकांसाठी एक दिवस नीट रडले न्हाई. आता रडायला बसले तर एकटीला झेपत न्हाई. पयली एसटी धर.

माया मागायची पाळी आता माझी हाय.

तुझी,
अक्का